कोलन टाकला म्हणजे कॉपी झाली?

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. लातूरच्या पोरांकडून आला, नांदेडच्या पोरांकडूनही आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: एका अ‍ॅरेतले (म्हणजे आकड्यांच्या रांगेतले) आकडे दुसऱ्यात न्यायला एकेक आकडा उचलणारा लूप लागत नाही, चौकोनी कंसात नुसता कोलन टाका, स्वतंत्र प्रत मिळते, तोच कोलन डाव्या बाजूला टाकला तर आकडे जसेच्या तसे उतरतात, सी भाषेत हेच काम मेमकॉपी हे फंक्शन करतं, नियम सगळ्या भाषांना सारखा, आणि शंका आली तर कॉपी मारून टाका, बिघडत काही नाही.

लूप लागत नाही, एवढं खरं. बाकीचं एकेक करून बघू. नमुन्यातली नावं मराठीत ठेवतो, पायथन ३ ला ती चालतात. आकडे आणि कॉपी() सारखी तयार नावं मात्र प्रोग्राममध्ये देवनागरीत टाकू नका, तिथं एरर येईल.

‘कोलननं स्वतंत्र प्रत मिळते’

साध्या लिस्टची मिळते. नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेची मिळत नाही, आणि आकड्यांचं काम करणारा माणूस नम्पायच वापरतो. मेसेजची खरी गोची इथंच आहे.

समजा ‘पाऊस’ या नम्पाय अ‍ॅरेत मराठवाड्यातल्या महसूल मंडळांचा रोजचा पाऊस आहे. ज्या दिवशी नोंदच आली नाही, तिथं -९९९ टाकलंय. बेरीज करायची म्हणून तुम्ही लिहिता:

प्रत = पाऊस[:]
प्रत[प्रत < ०] = ०

वाटतं, प्रत साफ झाली आणि मूळ तसंच राहिलं. पण ‘प्रत’ हा नुसता व्ह्यू आहे. आकडे मेमरीत एकाच जागी आहेत. सातबाऱ्यावर दुसरं नाव चढलं म्हणून रान दोन होत नाही, तसंच हे. मूळ ‘पाऊस’मधले -९९९ सुद्धा गेले, आणि आता कोरडा दिवस कुठला आणि नोंद न आलेला दिवस कुठला, हे सांगायला काहीच उरलं नाही. पावसातला खंड मोजणाऱ्यासाठी सगळा फरक त्यातच असतो. एररही येत नाही. इथं पाऊस.कॉपी() च पाहिजे.

गंमत म्हणजे पाऊस[पाऊस > ६५] असं अटीनं निवडलं, तर तेच चौकोनी कंस खरी प्रत देतात. सलग किंवा ठरावीक अंतरावरचे आकडे असतील तर नम्पायला फक्त सुरुवात, आकार आणि पावलाचं अंतर लिहून ठेवलं की भागतं, म्हणून व्ह्यू. अटीनं निवडलेले आकडे इकडेतिकडे विखुरलेले असतात, तिथं ते जमत नाही.

आणि लिस्टचंही पूर्ण खरं नाही. आठ जिल्ह्यांच्या आठ लिस्ट एका लिस्टमध्ये घातल्या असतील, तर कोलन फक्त बाहेरची लिस्ट नवी करतो, आतल्या आठही त्याच राहतात. तिथं आतल्यांसकट सगळं नवं करणारी डीपकॉपी लागते.

‘डावीकडे कोलन टाकला की आकडे जसेच्या तसे उतरतात’

आकडे उतरतात, पण समोरच्या अ‍ॅरेचा प्रकार काय आहे त्यावर ते कसे उतरतील हे ठरतं. ‘साठा’ हा पूर्णांकांचा अ‍ॅरे असेल आणि साठा[:] = पाऊस लिहिलं, तर ६५.४ चे गुपचूप ६५ होतात. अतिवृष्टीचा निकष चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त असा आहे. साठा > ६५ अशी अट लावली की ६५.४ वालं मंडळ यादीतून बाहेर. मदतीची यादी अशा प्रोग्राममधून निघत असेल, तर पुढं काय होईल ते सांगायला नको.

याहून वाईट म्हणजे जागा वाचवायला कुणी आठ बिटांचा इंट, म्हणजे छोट्या पूर्णांकाचा प्रकार, घेतला तर. त्यात -१२८ ते १२७ एवढंच बसतं. मोठ्या इंटच्या अ‍ॅरेमधला १३० त्यात ओतला की -१२६ होतो. म्हणजे ज्या मंडळात ढगफुटीसारखा पाऊस पडला, नेमकं तेच शून्याच्या खाली.

एका अ‍ॅरेतून दुसऱ्यात आकडे नेणारं नम्पायचं कॉपीटू इथं थोडं कडक आहे: दशांशातून पूर्णांकात जायला ते सरळ टाइपएरर देतं. मोठ्या इंटमधून छोट्या इंटमध्ये मात्र तेही जाऊ देतं, त्यामुळं १३० वाली भानगड त्यानं पकडली जात नाही. प्रकार आधी बघायचा, दुसरा इलाज नाही.

‘सी मध्ये मेमकॉपी तेच करतं’

मेमकॉपीचा तिसरा आकडा बाइटचा असतो, किती घटक त्याचा नाही. आठ जिल्ह्यांचे आठ डबल (दशांशाचे, प्रत्येकी आठ बाइटांचे आकडे) न्यायचे म्हणून तिथं ८ लिहिलं, तर आठ बाइट जातात, म्हणजे एकच डबल, एकच जिल्हा. बाकी सात जागी आधी जे होतं ते. किती बाइट ते सांगणारं साइझऑफ वापरलं तरी सुटका नाही: फंक्शनला पॅरामीटर म्हणून आलेला अ‍ॅरे आत पॉइंटर, म्हणजे नुसता मेमरीतला पत्ता, असतो, आणि ६४ बिटांच्या नेहमीच्या मशीनवर त्याचा साइझऑफ पुन्हा ८ च. चूक दोन, निकाल एक.

शिवाय एकाच अ‍ॅरेत आकडे एक घर पुढं सरकवायचे असतील, तर मेमकॉपी वापरूच नये; दोन्ही भाग एकमेकांवर येतात तेव्हा काय होईल याची भाषा हमी देत नाही. त्यासाठी मेममूव्ह आहे. डावीकडून चालणारा साधा लूपही इथं फसतो: ५, ०, २०, ० चे ५, ५, ५, ५ होतात. नम्पाय हे स्वतः सांभाळून घेतं.

‘सगळ्या भाषांना सारखा’

फोरट्रानमध्ये नुसत्या बरोबरच्या चिन्हानं सगळे आकडे कॉपी होतात. सी मध्ये अ‍ॅरेला अ‍ॅरे असा देताच येत नाही. गो मध्ये स्लाइस (अ‍ॅरेच्या तुकड्याकडं बोट दाखवणारा प्रकार) वाटून घेतला जातो, अ‍ॅरे मात्र कॉपी होतो. जावाच्या अ‍ॅरेकॉपीला इंटमधून लाँगमध्ये न्यायला सांगा, प्रोग्राम चालू असताना आपटेल. पुरे.

‘कॉपी मारून टाका, बिघडत नाही’

दहा हजार गुणिले दहा हजार डबलचा अ‍ॅरे ८० कोटी बाइट खातो. ४ जीबीच्या लॅबमधल्या मशीनवर त्याच्या दोन कॉपी मारून बघा. मेमरी वाचावी म्हणूनच नम्पायनं व्ह्यू ठेवलाय. नुसतं वाचायचं असेल तर व्ह्यू घ्या, बदलायचं असेल तर कॉपी.

दोन अ‍ॅरेंची जागा एकच आहे का, हे नम्पायचं शेअर्स_मेमरी सांगतं. गुंतागुंतीच्या स्लाइसवर त्याला वेळ लागू शकतो. त्याचं हलकं भावंड मे_शेअर_मेमरी लगेच उत्तर देतं, पण ते फक्त दोन्हींच्या मेमरीच्या हद्दी बघतं. त्याचं ‘नाही’ पक्कं असतं, ‘हो’ मात्र ‘असू शकतं’ एवढंच.