बोल्ट जुळले म्हणजे सेल्फ जुळला असं नसतं

सध्या सगळीकडे एक मेसेज फिरतोय: जुन्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) टक-टक करायला लागला म्हणजे तो गेला, रिपेरीत पैसे घालू नका, 12 व्होल्टचा जास्त पॉवरचा कुठलाही सेल्फ आणा, बोल्ट जुळले की झालं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे.

टक-टकचंच घ्या. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय पण मोटरला पुरेसा करंट पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि याला बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी नाहीतर गंजलेली अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) कारण असते. आपल्याकडे गोव्यात कळंगुट-कोलव्याच्या बाजूला खारं वारं आणि वर पावसाळा, त्यामुळे इंजिन ते बॉडीची अर्थपट्टी वरून बरी दिसते पण बोल्ट सोडला की खाली हिरवी पूड. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सेल्फच्या बॉडीला लावा आणि कोणाला तरी चावी मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा वर दिसलं तर आधी अर्थ साफ करा. चावी मारताना बॅटरीच साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती चार्ज करून तपासा, सेल्फला हात लावू नका.

बोल्ट जुळले की झालं? अजिबात नाही! पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात किती आणि केवढे, तो कुठल्या बाजूला फिरतो, फ्लँजपासून (सेल्फ बोल्टने बसतो त्या कडेपासून) किती आत जातो, हे सगळं जुळावं लागतं. नाहीतर फ्लायव्हीलची (इंजिनच्या जड चाकाची) दातेरी रिंग घासून जाते आणि ती बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणजे सेल्फच्या कितीतरी पट खर्च.

जास्त पॉवरचंही तसंच, इंजिनला लागते तेवढीच ताकद हवी, डिझेलला जास्त कारण कॉम्प्रेशन जास्त. मोठा सेल्फ जुन्या वायरींतून जास्त करंट ओढणार. हां, गिअर रिडक्शनवाला (आतल्या गिअरने वेग कमी करून जोर वाढवणारा) सेल्फ मिळाला आणि तो तुमच्याच इंजिनसाठीचा असेल तर जरूर घ्या, तो कमी करंटमध्ये तेवढाच जोर देतो.

आणि रिपेरी फुकट जाते हे तर साफ खोटं. कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट, बेंडिक्स (पिनियन रिंगला जोडणारा भाग) सुटे मिळतात, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो. आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळलं असेल तर मात्र नवीन घ्या, आणि दुकानात जाताना जुना सेल्फ सोबत न्या, काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.