बेरीज भागिले तीन? मग मुनियाची चोच कुठे गेली?

लातूर-नांदेडकडच्या डिप्लोमाच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "फोटो ग्रे करायचा? लाल, हिरवा, निळा यांची बेरीज करा, तीनने भागा, झालं. ते ०.२९९ वगैरे पुस्तकी आकडे विसरा. फाइल एक तृतीयांश होते, आणि रंग हवे तेव्हा परत आणता येतात."

पहिलंच वाक्य घेऊ. पैठणीच्या काठावरची मुनिया आठवा: हिरवा पोपट, लाल चोच. अंगाचा पिक्सेल (फोटोचा एक ठिपका) समजा (०, १५०, ०), चोचीचा (१५०, ०, ०); आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५. प्रत्येकाची सरासरी ५०. चोच अंगात गडप! डोळ्याला मात्र तेवढ्याच आकड्याचा हिरवा लालपेक्षा उजळ दिसतो, आणि निळा सगळ्यात मंद. म्हणून लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७, निळ्याला ०.११४ असं वजन देतात. आता अंग ८८, चोच ४५. हे आकडे जुन्या टीव्हीच्या बीटी ६०१ मानकातले, आणि पायथनच्या पिलो या फोटो-लायब्ररीत 'एल' म्हणजे ग्रे मोडला कन्व्हर्ट केलं की हेच लागतात. एचडीच्या बीटी ७०९ मध्ये ते ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२ आहेत. म्हणजे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण हिरवा दोन्हीकडे वरचढच.

"बेरीज करा, झालं" यात तर खड्डाच आहे. पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत फोटोचा प्रत्येक आकडा सहसा ८ बिटांचा, २५५ च्या वर जागाच नाही. फुटलेल्या बोंडातला कापूस घ्या, (२००, २००, २००). बेरीज ६००, पण थेट + ने केली तर २५५ नंतर मोजणी पुन्हा ० पासून सुरू होते, म्हणून नमपाय ती ८८ धरतं, आणि तीनने भागून उरतात २९. शेजारची काळी माती (६०, ५०, ४५) येते ५१ वर. कापूस मातीपेक्षा काळा! एररही येत नाही, पोरगं बिचारं फोटोलाच दोष देतं. आधी फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) बदला, मग बेरीज करा.

सरासरीचं एक मात्र कबूल: ओपनसीव्ही ही फोटोंची दुसरी लायब्ररी रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट क्रमाने देते, तिथे वजनं उलटी लागून घोळ होतो. सरासरीला क्रमाशी देणंघेणं नाही. लूप शिकायच्या पहिल्या दिवशी ती खुशाल वापरा.

फाइलचं म्हणाल तर मेमरीत तीन बाइटांचा एक होतो, हे खरं. पण जेपेग मुळातच रंगाची माहिती कमी ठेवतो, बहुतेक जागा उजेड-अंधारालाच जाते. त्यामुळे फाइल थोडीच घटते.

आणि रंग परत? वजनं लावून येणारा ७६ हा भडक लालचाही (२५५, ०, ०) आणि हिरव्याचाही (०, १३०, ०). १,६७,७७,२१६ रंग २५६ छटांत कोंबल्यावर कोणता कुठला, हे कोण सांगणार? रंग भरणारी ॲप्स अंदाजच बांधतात. तेव्हा ग्रे फोटो वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलवर लिहू नका.