मेट्रो वेळेवर येते, प्रवासी वेळेवर पोहोचतो का?

नागपूर मेट्रोच्या प्रवासीसंख्येची चर्चा बहुधा उच्चांकाच्या दिवशीच होते. १ जानेवारी २०२३ रोजी दोन लाखांहून अधिक लोकांनी प्रवास केला, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला होता; परंतु सुटीच्या दिवशी हौसेने केलेली फेरी आणि रोजची नोकरीची फेरी एकाच रकान्यात मांडली, तर मेट्रोची सवय किती लोकांना लागली हे कळत नाही.

मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी गाडी सुरू झाली, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरची बाजू जोडली गेली आणि दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरपर्यंतचे मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुले झाले. त्यामुळे प्रवासीवाढीचा विचार चारही टोके जोडली गेल्यानंतरच्या वर्षांवरूनच व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीच्या वक्तशीरपणाबद्दल माझी तक्रार नाही. मी रोज बर्डीला गाडी बदलतो आणि फलाटावरच्या फलकावर दिसणारी वेळ सहसा चुकत नाही. मात्र दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटांचे अंतर असले आणि जिना चढेपर्यंत समोरची गाडी सुटली, तर वेळापत्रक अचूक पाळले जाऊनही माझी दहा मिनिटे जातातच. दुचाकी दारात उभी असलेला माणूस नेमका हाच हिशेब करतो.

खरी अडचण स्थानकाबाहेर आहे. मे महिन्यात लोकमान्य नगरला माझ्यासोबत उतरणाऱ्या एक ताई एमआयडीसीत कामाला जातात. चेहऱ्याला दुपट्टा घट्ट बांधून त्या शेअर ऑटोत बसतात आणि सवारी भरेपर्यंत ऑटो जागचा हलत नाही. एसी डब्यात वाचलेला वेळ तिथे भर उन्हात खर्ची पडतो. पावसाळ्यात तर त्या थेट दुचाकीनेच जातात. उच्चांकाच्या आकड्यात ही गळती दिसत नाही.

म्हणून कामाच्या दिवसांचे स्थानकनिहाय आणि तासानुसार आकडे नियमितपणे लोकांसमोर ठेवले जावेत. दुसऱ्या टप्प्यात हिंगण्याकडे मार्ग वाढणार आहे, त्याचे स्वागतच आहे; पण तोवर सकाळच्या गाड्यांच्या वेळेशी जुळवून लोकमान्य नगरहून एमआयडीसीकडे लहान बस सोडता येईल, आणि ती अर्धी रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटली पाहिजे.