विचारणारा सरपंच भित्रा नसतो

'निर्भीड नेतृत्वाचे पाच धडे' हा मेसेज महिनाभरापासून फिरतो आहे. चाळीस वर्षं चळवळीत घालवलेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्याचे हे अनुभव, असं वर लिहिलंय. त्या कार्यकर्त्याचं नाव मात्र कुठंच नाही. मी तो पुसून मोकळा झालो असतो. पण माझा भाचा नुकताच सरपंच झालाय. त्यानं तो स्टेटसला ठेवला आणि परवाच्या ग्रामसभेत वापरलाही. एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "बाबू, आमच्या वेटाळात नळाले पाणी कधी येईन?" भाच्यानं तिच्यासमोरचा माईक उचलला आणि पुढचा विषय पुकारला. ती पदर सावरत बराच वेळ उभीच होती. घरी विचारलं तर म्हणतो, "मामा, विचारत बसलं की लोक डोक्यावर बसतात." हे त्या मेसेजातलंच वाक्य.

म्हणून आधी तोच धडा घेतो: 'खरा नेता विचारत नाही, सांगतो.'

हे साफ खोटं आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. तिथले पुढारी देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण तिथं निर्णय देवाजी घेत नाहीत, गाव घेतं, तेही सर्वसहमतीनं. पटलं नाही तर पुन्हा बसतात. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, निर्णय मात्र ग्रामसभेचाच. आता हे गाव भित्रं होतं का बघा. घोटुलासाठी, म्हणजे गोंड तरुणांच्या एकत्र जमायच्या घरासाठी, त्यांनी जंगलातून लाकडं आणली, वनखात्यानं ते घोटुल मोडलं, गावानं पुन्हा उभारलं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखातं देईना. गाव हटलं नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. यातलं 'आम्ही' नीट वाचा. एकट्या पुढाऱ्याला दमात घेता येतं, फोडता येतं. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असलं की साहेबानं कुणाला फोडायचं?

'लोकांना धाक हवा.' धाक असला की टाकी गळतेय हेसुद्धा कुणी सांगायला येत नाही. 'चूक कबूल केली की पत जाते', हाही त्यातलाच प्रकार. गावात कुणाची चूक कुणापासून लपली आहे?

'साहेबापुढं मान झुकवू नका.' हे बरोबर आहे, मान्य. पण पंचायत समितीत ताठ मानेनं उभं राहायचं तर हातात ग्रामसभेचा ठराव लागतो, स्टेटस नाही.

राहिला पाचवा: 'ग्रामसभा घेतली की कामं अडतात.' वेळ लागतो, हे मलाही नाकारता येत नाही. एकेका विषयावर रात्र जाते. पण कायद्यानं गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान हजेरी, मागितली आहे तरी किती? १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. तेवढेही जमवायचे नाहीत म्हणून शिपायानं घरोघर रजिस्टर फिरवायचं, सह्या-अंगठे घ्यायचे आणि सभा झाली असं लिहायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी अंगठा दिला त्यांना ठराव कशाचा झाला हेच माहीत नसतं. मग काम अडतं, कारण अर्धं गाव म्हणतं, आम्हाले कोणी इचारलं होतं?

भाच्याला सांगितलंय, स्टेटसचं काय करायचं ते तू बघ. पण पुढच्या सभेआधी महिला सभा घे, आणि त्याच्याही आधी त्या म्हातारीच्या घरी जा. तिच्या नळाला पाणी का येत नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आणि सरपंच असून तुलाही नाही.