डॉक्टर, आता साहेब व्हा!

एमबीबीएस झालात, सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजूही झालात. अभिनंदन! आता कॉलेजात शिकलेलं जितक्या लवकर विसराल तितक्या लवकर वर जाल.

सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात २०,००० मागे. आकडा ऐकून दचकू नका. एवढे लोक तुमचे रुग्ण थोडेच आहेत? ते तुमच्या टक्केवारीचा छेद आहेत. अंश पोर्टलवर भरायचा असतो, आणि तो आशाताई भरतात. रेंज नाही म्हणाल्या तर टेकडीवर जायला सांगा.

ओपीडीत फार रमू नका. खोकला बरा झालेल्या म्हातारीचा रकाना कुठल्याच प्रपत्रात नाही, पण निरंक (म्हणजे 'काहीच घडलं नाही' असा) अहवाल वेळेत गेला नाही तर खुलासा द्यावा लागतो. रात्री सर्पदंशाचा रुग्ण आला तर १०८ बोलवा आणि रेफर करा. रेफरला एक्सपायरी डेट नसते, आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेपही येत नाही.

असं निष्ठेने केलंत की तालुका आरोग्य अधिकारी व्हाल, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. तोवर पन्नाशी उलटलेली असेल. मग एका सोमवारी आढावा बैठकीत जिल्हा परिषदेचे तिशीतले आयएएस सीईओ विचारतील, "लसीकरण ९४ टक्केच का?" मान खाली घाला. साहेब तुमच्याच कॉलेजचे निघण्याची शक्यता आहे. तुम्ही इंटर्नशिपमध्ये बाळंतपणं करत होतात, त्यांनी त्यांच्या इंटर्नशिपमध्ये राज्यघटना पाठ केली.

म्हणून खरा सल्ला हा, की साथरोग आवरायचे असतील तर आधी यूपीएससी द्या. तिथे वैद्यकशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. पुढेही ते वैकल्पिकच राहतं, कारण नेमणूक वस्त्रोद्योगात होईल की मत्स्यव्यवसायात, हे धन्वंतरीलाही सांगता यायचं नाही.

आरोग्यसेवेतच राहून संचालकपद गाठलंत तरी वर आयुक्त, त्यांच्या वर सचिव, आणि दोन्ही खुर्च्यांवर बहुधा आयएएस. कुरकुर करू नका. देशाच्या आरोग्यसेवेचा पायाभूत आराखडा १९४६ साली ज्या समितीने दिला, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर आयसीएसच, म्हणजे इंग्रजांच्या काळातले आयएएसच होते. (त्यांचा अहवाल अजून पुरता अमलात आलेला नाही, पण हा मुद्दा व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, काढू नका.)

आणि स्टेथोस्कोप फेकू नका बरं. मंत्रालयात कुणी "डॉक्टर, जरा बीपी बघता का?" म्हणालं तर लगेच बघा. बदल्यांची फाइल त्यांच्याच टेबलावर असते.