दोन पॉइंटर समोरासमोर धरून काही सिद्ध होत नाही

"लेसर डायोडचा रंग त्याच्या पदार्थानं कायमचा ठरवलेला असतो. बाहेरून दुसरा लेसर मारला तर उजेडात उजेड मिसळेल, झोत जोरदार असला तर डायोड जळेल, बाकी काही नाही. पटत नसेल तर दोन पॉइंटर समोरासमोर धरून बघा." अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यातला जळण्याचा भाग खरा आहे: प्रकाशाची तीव्रता हाताबाहेर गेली तर डायोडमधल्या चिपचं टोक खरंच जळतं. बाकीचं मात्र टिकत नाही.

रंग पदार्थ ठरवतो, हे अर्धंच झालं. पदार्थ ठरवतो तो फक्त तरंगलांबीचा पट्टा, तोही चांगला काही दहा नॅनोमीटर रुंद. त्यातली नेमकी वारंवारता ठरते चिपच्या लांबीवर आणि आतल्या अपवर्तनांकावर (प्रकाश आत किती मंदावतो, त्याचं माप), आणि हा अपवर्तनांक तापमानानं, करंटनं सतत हलत असतो. फायबरच्या कामातला 1550 नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच वारंवारतेवर चालणारा) लेसर एका अंशानं तापला की साधारण 0.1 नॅनोमीटर, म्हणजे 12 गिगाहर्ट्झ सरकतो. त्याच्याखाली कूलर बसवतात तो उगाच नाही.

"उजेडात उजेड मिसळतो" हा सगळ्यात चुकीचा मुद्दा, म्हणून इथं जरा थांबू. बाहेरचा प्रकाश चिपमध्ये शिरला की तोही तिथल्या इलेक्ट्रॉनांवर वाढायला लागतो. त्याची वारंवारता डायोडच्या वारंवारतेच्या पुरेशी जवळ असेल, तर डायोडचं स्वतःचं दोलन ज्या इलेक्ट्रॉनांवर चालतं तेच तो खाऊन टाकतो. मूळ दोलन विझतं आणि डायोड पाहुण्याच्या वारंवारतेवर, त्याच्याशी ठरावीक फेज (लाटांच्या चढउतारांचा मेळ) राखून चालू लागतो. हे इंजेक्शन लॉकिंग. ऊर्जा मात्र डायोडच्या स्वतःच्या करंटमधूनच येते. म्हणून तर थंड अणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत काही मिलिवॅटच्या काटेकोर मास्टर लेसरचा थोडासा प्रकाश स्लेव्ह डायोडमध्ये सोडतात आणि तितकाच काटेकोर, पण शंभरेक मिलिवॅटचा झोत बाहेर काढतात. नुसती बेरीज असती तर हे जमलंच नसतं.

शिवाय अर्धवाहकाची एक खास खोड आहे. इलेक्ट्रॉन कमी झाले की अपवर्तनांक वाढतो आणि चिपची स्वतःची वारंवारता खाली घसरते. या गुंत्याचं माप म्हणजे चार्ल्स हेन्री यांनी 1982 मध्ये मांडलेला अल्फा. त्याची किंमत बहुधा 2 ते 6 असते. परिणामी लॉकिंगचा पल्ला, म्हणजे दोन्ही वारंवारतांत किती फरक असला तरी पकड बसते तो, एकांगी होतो: मास्टरची वारंवारता स्लेव्हच्या खाली असेल तर लांबूनही पकड बसते, वर असेल तर अगदी जवळ यावं लागतं.

झोत जोरदारच हवा, असंही नाही. रॉबर्ट ॲडलर यांनी 1946 मध्ये इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटरसाठी काढलेला नियम इथंही लागू पडतो: पल्ला शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. बाहेरचा प्रकाश शंभरपट कमी केला तरी पल्ला दहापटच घटतो. डायोडच्या हजारांश शक्ती आत पोचली, तरी 300 मायक्रॉनच्या चिपसाठी पल्ला गिगाहर्ट्झच्या घरात राहतो.

आता पॉइंटर. 650 नॅनोमीटरच्या आसपास एका नॅनोमीटरचा फरक म्हणजे सुमारे 700 गिगाहर्ट्झ. बाजारातले कुठलेही दोन पॉइंटर घेतले तर त्यांच्यात एवढा फरक सहज असतो. त्यात समोरचा झोत मायक्रॉनभर रुंदीच्या तोंडातून नेमका आत जायला हवा. हातात धरून ते होत नाही. आणि समजा लॉक झालाच, तरी एखाद्या गिगाहर्ट्झचा बदल डोळ्याला कसा दिसणार? समोरासमोर धरलेले लेसर डोळ्यांत जाण्याचा धोका मात्र नक्की, तेव्हा हा प्रयोग करूच नका.

शेवटचं, "बाकी काही नाही". लॉकिंगच्या सीमेबाहेर तर भरपूर काही होतं. डायोडमध्ये इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची देवघेव काही गिगाहर्ट्झच्या तालावर चालते. एरवी ती लगेच शांत होते, बाहेरच्या प्रकाशानं ती टिकून राहू शकते. मग करंट स्थिर असूनही उजेड गिगाहर्ट्झनं धडधडतो. स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कुठल्या वारंवारता किती जोरात आहेत ते दाखवणारं यंत्र) आधी टोकदार शिखरं दिसतात, मग अर्ध्या वारंवारतेवर नवी शिखरं फुटतात, आणि काही ठिकाणी सगळ्याचा मिळून रुंद उंचवटा होतो. तो केऑस, म्हणजे कुठलाही ठरावीक ताल नसलेली धडधड. नवखा माणूस "डायोड गेला" म्हणून तो बदलायला घेईल; तापमान किंचित हलवलं तर तोच डायोड परत एका रेषेवर येतो. आणि ती पहिली, नियमित धडधड तर मायक्रोवेव्ह सिग्नल तयार करायला वापरतात: मास्टरची शक्ती आणि वारंवारता बदलून तिचा वेग हवा तसा जुळवता येतो.