क्लीनर साईडची काच

पुण्यात राहून स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायला कसलंही आर्थिक कारण नाही. अमेरिकेत आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथे मिस्त्रीचा तासाचा दर डॉलरमध्ये शंभराच्या पुढे, म्हणून तो बिचारा इंजिन ऑइल स्वतःच बदलतो आणि दर वेळी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो. आपल्याकडे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला चहा गार व्हायच्या आत काम संपवतो, तीन-चारशे रुपये घेतो आणि जाताजाता "साहेब, मागचा ब्रेकपण वाजतोय" म्हणून पुढच्या कामाची तजवीज करून ठेवतो. तेव्हा 'पैसे वाचतात' हे फक्त घरात सांगायचं असतं. खरं कारण असं, की आठवडाभर संगणकावर या खान्यातला आकडा त्या खान्यात नेऊन झाला की रविवारी माणसाला काहीतरी वजनदार, ग्रीस लागलेलं हातात धरावंसं वाटतं.

ती संधी जूनमध्ये चालून आली. खळ्ळकन आवाज झाला आणि पुढची डावी काच दाराच्या पोटात गडप झाली. हिच्या बाजूची. बाहेर पाऊस. काळी कचऱ्याची पिशवी चिकटपट्टीने लावून आम्ही फिरत होतो. एका सिग्नलला शेजारचा रिक्षावाला पिशवीकडे बघत "ओला का सुका?" म्हणाला, तेव्हा हिने निर्वाणीचा इशारा दिला. मी म्हणालो, काच वर-खाली करणारं मशीन आणून मीच बसवतो. त्यावर ती जे गप्प राहिली, ते मी होकार म्हणून घेतलं.

मशीन आणायला नाना पेठेत गेलो. आपण गाडीचे मालक आहोत हा समज उतरवायला तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानासारखी जागा नाही.

"काचेचं मशीन द्या."

"हाताचं का पॉवरचं?"

"हाताचं."

"पुढचं, मागचं? ड्रायव्हर साईड, क्लीनर साईड?"

ही शेजारीच उभी होती. गेली कित्येक वर्षं ती ज्या सीटवर बसून मला रस्ता दाखवते, ती क्लीनरची बाजू आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

"केबलवालं का गियरवालं?"

इथे माझी विकेट गेली. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच पोऱ्याला हाक मारून दोन्ही काढायला लावली. मग शेवटचा प्रश्न: ओरिजिनल का लोकल? फरक काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लोकल नेलं तर परत भेट होईल."

रविवारी पार्किंगमध्ये अवजारं मांडली. व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यातल्या गोऱ्या गृहस्थाचं गॅरेज आमच्या फ्लॅटपेक्षा मोठं, उजेड ऑपरेशन थिएटरचा आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे तो दाखवील ते सगळं उलटं धरायचं. माझ्याकडे दहा-अकराचा पाना, एक पेचकस, एक पक्कड आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका.

काका हे आमच्या सोसायटीतलं चालतंबोलतं फियाट-पुराण. "आमची फियाट खंडाळ्याच्या घाटात तापली ना, की इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला पंचा टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, की चालू!" यात तथ्य आहे. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, वाफ पंपाला ओढता यायची नाही, पंचाने पंप गार झाला की पुन्हा पेट्रोल चढायचं. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर, सगळं डोळ्यांना दिसणारं. आणि बोनेटमध्ये जागा एवढी की मिस्त्री आत उतरून जेवला असता. आताच्या गाडीचं बोनेट उघडलं तर वर एक प्लास्टिकचं झाकण असतं आणि खाली कुठेतरी कॉम्प्युटर. त्याला ओला पंचा चालत नाही. हाताने फिरवायची काच हा आमच्यासारख्यांसाठी उरलेला शेवटचा प्रांत.

आता हँडल. काच फिरवायच्या हँडलला वरून स्क्रू दिसतो का? नाही. ते मागच्या बाजूने नालेच्या आकाराच्या एका तारेच्या क्लिपने अडकवलेलं असतं. हँडल आणि दाराचं पॅड यांच्यामधल्या फटीत जुनं फडकं घालायचं आणि बूट पुसताना ओढतात तसं इकडून तिकडे ओढत राहायचं. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि क्लिप सुटते. ही युक्ती ज्याने शोधली त्याला दंडवत. फक्त सुटलेली क्लिप कुठे जाते याबद्दल सगळे सारखंच मौन पाळतात. 'टिंग' एवढंच ऐकू आलं. मग वॉचमन, त्याचा मुलगा आणि मी, सोसायटीच्या यच्चयावत दुचाक्यांखाली वाकून बघत होतो. काका उभे राहून दिशा दाखवत होते. क्लिप माझ्याच शर्टाच्या खिशात सापडली.

पुढे पॅड ओढायचं. ते दाराला प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसवलेलं असतं, आणि इथेच सगळी मेख आहे. व्हिडिओवाला म्हणतो, थोडा जोर लावा. थोडा म्हणजे किती? अमुक जोरात खुंटी सुटते आणि त्याहून एक चिमूट जास्त झाला की तुटते, आणि ती चिमूट कुठल्याही पुस्तकात छापलेली नाही. चाकाचे नट 85 न्यूटन-मीटरने आवळा असं मॅन्युअलमध्ये असतं, आमचा मिस्त्री म्हणतो, "हाताने टाइट, वर अर्धा फेरा, बास." त्याच्या मनगटात तो आकडा बसलाय. माझ्या मनगटात घड्याळ आहे. त्यामुळे खुंट्या तुटल्या. ज्या तुटल्या नाहीत त्या जागच्या हलल्याही नाहीत.

पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद निघाला, काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला. आंब्याचा चीक परवडला. पाना, पेचकस, मोबाइल, कपाळ, सगळीकडे तो डिंक पोचला. हा कागद कंपनीवाल्यांनी उगीच लावला असावा असं वाटून मी तो टरकन फाडणार, एवढ्यात काका ओरडले, "अरे, पाणी आत येईल!" आणि अनुभवाने सांगतो, काकांचं बरोबर होतं. गाडीच्या दारात पावसाचं पाणी जातंच. काचेच्या रबरामधून ते आत झिरपणार हे बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवतात, पाणी तिथून खाली पडतं, आणि ते आपल्या मांडीवर येऊ नये म्हणून मध्ये हा कागद. इतकी वर्षं मी दार ही घट्ट बंद वस्तू समजत होतो. ती एक उभी पन्हळ आहे.

मशीन बदलण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एका हाताने काच वर धरायची, दुसऱ्याने मशीन आत सरकवायचं, तिसऱ्याने बोल्ट लावायचा. पत्र्याच्या कडा अशा की बाहेर आलेला हात मांजराने ओरबाडल्यागत दिसतो. एक बोल्ट दाराच्या तळाशी पडला, तो अजून तिथेच आहे. गतिरोधकावर बोलतो. संध्याकाळी काच चढली मात्र. थोडी तिरकी, पण चढली. हिने हँडल फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "छान. आता हात लावू नका."

पण चिरंजीवांना स्फुरण चढलं होतं. बाबांना हे येतं म्हटल्यावर त्याने यादीच काढली: रुंद टायर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, काचांना काळी फिल्म. मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढून त्याच्यासमोर ठेवलं. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करायचा नाही, सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली तेच सांगितलंय. आणि काळ्या फिल्मवर त्याच न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली. कायद्याचा एवढा आधार मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. हिला मात्र सगळ्यात आवडतो तो नव्या नंबरप्लेटचा नियम. 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही ती लावायचा हुकूम आला तेव्हा मी पेचकस घेऊन निघालोच होतो. ती प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने लावतात, आपली आपण लावायची नाही, अधिकृत माणसाकडूनच लावून घ्यायची, हे हिने मला तीन वेळा वाचून दाखवलं.

मग मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी वळणावर गाडीत खळखळ ऐकू यायला लागली. ब्रेक मारला की पुढे, सोडला की मागे. हिने पायाशी पाण्याची बाटली शोधली, मग कान दाराला लावला. दार भरलं होतं. काळ्या डिंकाचा एखादा गोळा तळाच्या भोकांवर जाऊन बसला असणार, दुसरं काय.

मी खराट्याचा हीर घेऊन खाली गेलो. काका तिथे होतेच, नवीन कोल्हापुरी घालून. "कसली खटपट?" म्हणून दाराशी वाकले. मी हीर भोकात घालून थोडा जोर लावला. या वेळी तो बरोबर तेवढाच लागला. दारातलं अख्खं पाणी, गाळासकट, एका दमात बाहेर आलं.

काकांनी आधी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फियाटची दारं गळायची," ते म्हणाले, "पण अशी साठवून नाही."